बारा मोगऱ्यांचा ताण

यमू, तू गेलीस आणि वाडीत माझी अब्रूही गेली. दगडाच्या काळजाची बाई म्हणून माझं नाव झालं आहे. तोंडावर कोणी बोलत नाही, पण मी विहिरीवर पोचले की चाललेली बोलणी थांबतात. कोपऱ्यातल्या घरातले तात्या पेन्शनीत निघाल्यापासून साऱ्या वाडीची काळजी वाहतात, तेही मला बघून नुसता घसा खाकरतात. माझा गुन्हा एवढाच, की तुझ्या मोगऱ्याला मी कोणाला पाणी घालू दिलं नाही. तुझी बारा झाडं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळी पडत गेली, तुझे दिवसही अजून व्हायचे होते, आणि चौदा वर्षं तुझ्या शेजारी राहिलेली मी विहिरीपाशी पाट टाकून पहाऱ्याला बसलेली. बघणाऱ्याला राग येईल नाहीतर काय?

येऊ दे. तू असतीस तर तूच बसली असतीस, आणि हातात फोक घेऊन बसली असतीस.

संक्रांतीच्या दिवशी तू तिळगूळ वाटायला निघायचीस आणि प्रत्येक दारात एकच वाक्य म्हणायचीस. "तिळगूळ घेवा, ग्वाड बोला, नि आजपासून मोगऱ्याक पाणी बंद." सगळ्या वाडीला एकदा सांगायचीस आणि मला दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना माझं मनगट धरायचीस. त्या दिवसापासून तीन आठवडे झाडांना थेंब नाही. आळ्यातली माती खुरप्यानं उकरून मुळं उन्हाला उघडी टाकायची. पानं मरगळायची, मग पिवळी व्हायची, मग उरलीसुरली हातानं खुडायची, फांद्या छाटायच्या, खत घालायचं, आणि मग एके दिवशी भरपूर पाणी. मग चैत्र लागता लागता झाडं अशी फुलायची, की सकाळी मागचं दार उघडायच्या आधीच घरात वास आलेला असायचा. ह्याला तू ताण म्हणायचीस. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या मला झाड म्हणजे गॅलरीतल्या डब्यातली तुळस. लढाईच्या धाकानं आम्ही बोरिवलीला आलो, तेव्हा ताण हा शब्द मी तुझ्याच तोंडून पहिल्यांदा ऐकला, आणि मला तो मुळीच आवडला नाही.

यंदाची संक्रांत तुला दारोदार फिरून करता आली नाही. दिवाळीपासून तुझ्या पायांवर सूज होती, ती चढत चढत तोंडावर आली होती. मागच्या पडवीत तुझी खाट टाकली होती, मोगऱ्याची रांग दिसेल अशी. तिथूनच तू लेकीला, विमलला, तिळगुळाचा डबा देऊन पाठवलंस आणि निरोपही पाठवलास. मी आले तेव्हा माझं मनगट धरलंस. तुझी बोटं इतकी सुजली होती, की बांगड्या कापून काढाव्या लागल्या होत्या. म्हणालीस, "कुसुम, ह्या वर्साक चुकूचा नाय. वैशाखात विमलचा लगीन. मुंडावळ्यो माझ्या मोगऱ्याच्यो."

मी म्हटलं, "अगं, बाजारात मिळत नाहीत का मुंडावळ्या?"

"बाजारात आवशी पण गावतत काय?" आई का बाजारात मिळते, असं तू विचारलंस आणि डोळे मिटून घेतलेस. त्यानंतर दहाव्या दिवशी तू गेलीस.

तुझ्या मागे भाऊजी अगदीच खचले. गिरणी सुटल्यावर ज्या माणसानं तीन नोकऱ्या धरल्या आणि एकदाही कुरकुर केली नाही, तो तुझा नवरा ओटीवर बसून नुसता आपल्या पायांकडे बघत राहायचा. मालवणहून त्यांची बहीण आली, आक्का. त्यांनी लग्नाचा विषय काढला. घरात आई गेली की मुलीचं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. आक्कांचं म्हणणं, थांबू या, एवढी घाई बरी दिसत नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "यमूनं मला सांगितलंय, लगीन थांबवूचा नाय. वैशाख म्हणजे वैशाख." मला इतकं मोडकंतोडकं मालवणी बोलताना ऐकून भाऊजींच्या तोंडावर त्या आठवड्यातलं पहिलं हसू आलं, आणि मग ते रडले. लग्न ठरल्या तारखेला होणार आहे. पहिली लढाई मी अशी जिंकली.

दुसरी मोगऱ्याची. ती अवघड होती, कारण तिथं माझ्यासमोर भली माणसं होती. तुला भेटायला, म्हणजे तुझ्या घरच्यांना भेटायला जो येई तो मागच्या पडवीत टेकायचा, आणि टेकला की त्याला समोर ती पिवळी रांग दिसायची. आता दर वर्षी माघात ही झाडं अशीच दिसतात, हे वाडीतल्या प्रत्येकानं चौदा वर्षं पाहिलेलं आहे. पण माणूस गेलं की लोकांना सगळं नवंच दिसतं. तात्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं आणि म्हणाले, "बघा हो. मुक्या झाडांनासुद्धा कळलं. बाई गेली आणि झाडांनी पानं टाकली."

"पानं टाकली नाहीत तात्या, टाकायला लावलीत," मी म्हटलं. "तिनंच पाणी तोडलंय संक्रांतीला. दर वर्षी तोडते."

"ते असेल हो. पण आता तिच्यामागं त्यांना तहानेलं ठेवायचं म्हणजे…" तात्यांनी वाक्य सोडून दिलं.

मग सुरू झालं. कोणी हात धुतला तो मुद्दाम आळ्यात धुतला. कोणी तांदळाचं धुवण आणून ओतलं. आक्का सकाळी तुळशीला पाणी घालायच्या आणि तांब्यात राहिलेलं मोगऱ्याला घालून हात जोडायच्या. एवढ्याशा पाण्यानं काय होतं, असं प्रत्येकाला वाटायचं. पण प्रत्येकाचं एवढंसं मिळून मातीत ओल राहते, आणि ओल राहिली की ताण मोडतो. तुझं वाक्य मला पाठ आहे, "सदा पाणी गावला तर झाड आळशी होता. नुसतो पालो." मी पाट टाकून बसले ती तेव्हापासून. आक्कांच्या हातून तांब्या काढून घेतला. तात्यांना म्हटलं, "तुम्हाला दया येत असेल तर तुमच्या मिरच्यांवर मावा पडलाय, त्यांच्यावर राख टाका जा." त्या दिवसापासून ते घसा खाकरतात.

आता खरी गोष्ट सांगते, यमू. चौदा वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं. तू हयात होतीस तोवर लाज वाटली, आणि आता तुझ्याशिवाय सांगायचं कोणाला?

पहिल्या वर्षी तुझ्या मोगऱ्याला चोरून पाणी घालणारी मीच. आम्ही राहायला येऊन चार महिने झाले होते. मुंबईहून आलेली नवखी बाई म्हणून तू मला हाताला धरून सगळं शिकवत होतीस. आळू मोरीच्या पाण्यावर कसा वाढवायचा, लाल माठ किती दाट पेरायचा, पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दगड कसा बांधायचा. त्या पडवळाची तर मी अब्रूच घालवली होती. दगड जड झाला, पडवळ रात्रीतून तुटून खाली पडलं, आणि तू सकाळी कुंपणापलीकडून ओरडलीस, "पडवळाक वरवंटो बांधलंस काय गे?" साऱ्या वाडीनं ऐकलं. तरी मी तुझ्यावर रागावले नाही. पण मोगऱ्याचं तू करत होतीस ते मला बघवेना. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रांगेतली शेवटची चार झाडं दिसायची. भर दुपारी त्यांची पानं खाली मान घालून उभी. तू दुपारी घटकाभर लवंडायचीस. तेवढ्यात मी लोटा घेऊन जायची, चारही झाडांना पाणी घालायची, वर कोरडी माती भुरभुरायची आणि घरात येऊन साळसूदासारखी तांदूळ निवडायला बसायची. तीन आठवडे हे चाललं. पुण्य केल्यासारखं वाटत होतं मला.

चैत्रात आठ झाडं फुलली आणि चार नाही. नुसता पाला, हिरवागार. तू त्या चार झाडांपाशी उकिडवी बसून कितीतरी वेळ बघत राहिलीस. मुळांशी वाळवी बघितलीस, माती हातात घेऊन हुंगलीस. शेवटी म्हणालीस, "ही कलमां फसवी निघाली." आणि चारही झाडं मुळासकट उपटून काढलीस. दोन दिवस लागले तुला. चांगली जोमदार झाडं होती, सहजासहजी निघेनात. तू खणत होतीस आणि मी शेजारी टोपली धरून उभी होते. एका शब्दानं सांगता आलं असतं. मी टोपली भरली, आणि ती मीच नेऊन गावठाणाच्या उकिरड्यावर टाकून आले. पुढच्या पावसाळ्यात तू नवी चार कलमं लावलीस, आणि त्यांना फुलं यायला पुढची दोन वर्षं गेली.

तेव्हापासून तू मला दोनदा सांगायला लागलीस आणि मनगट धरायला लागलीस. तुला कळलं होतं का गं? कळलं असेल तर बोलली कशी नाहीस? एवढ्यातेवढ्यावरून बोलणारी तू. मला वाटतं कळलं होतं. आणि नसेल कळलं, तर आता कळलं.

तुझं म्हणणं मला कधीच पटलं नाही, हेही सांगून टाकते. झाडाला कळ सोसायला लावल्याशिवाय ते फुलत नाही, असं तू म्हणायचीस. मी म्हणायची, माणूस सुखात फुलतो, मग झाडानं काय घोडं मारलंय? हा वाद दर माघात व्हायचा. एका वर्षी, भाऊजींची गिरणी सुटली होती आणि तू पहाटे उठून आठ घरच्यांचे डबे करत होतीस, त्या वर्षी मी बोलून गेले, "तुझ्या वाट्याला ताण आला म्हणून तू झाडांना देतेस. त्याचं काहीतरी फुलेल अशी स्वतःची समजूत घालतेस झालं." बोलले आणि जीभ चावली. तू दोन दिवस बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी कुंपणावरून वालाच्या भाजीची वाटी आली. विषय तिथं मिटला असं आपण दोघींनी ठरवलं, पण तो मिटला नव्हता. तू उत्तर दिलं नव्हतंस. मी माफी मागितली नव्हती. वाटी मात्र घासून, त्यात गूळ घालून परत केली, एवढं आठवतं.

उत्तर तू मागच्या महिन्यात दिलंस. ते उत्तर होतं असं तुला वाटलंही नसेल.

डॉक्टरांनी तुझं पाणी तोडलं होतं. मूत्रपिंडं काम करत नाहीत, अंगात पाणी साठतंय, म्हणून दिवसाला दोन फुलपात्री पाणी, त्यावर थेंब नाही. विमल सकाळी ते दोन फुलपात्री पाणी एका तांब्यात मोजून ठेवायची आणि दिवसभर चमच्याचमच्यानं द्यायची. तू पडवीत पडून समोरच्या कोरड्या आळ्यांकडे बघायचीस. त्या दुपारी विमल औषध आणायला स्टेशनकडे गेली होती. मी उशाशी बसले होते. तांब्यात संध्याकाळपुरतं पाणी होतं. तू म्हणालीस, "घोटभर पाणी दी गे, कुसुम."

मी म्हटलं, "दुपारचं झालं तुझं. आता दिवे लागल्यावर."

तू समोर बघत म्हणालीस, "झाडांक पुढच्या म्हयन्यात पाणी गावतलां. माका कदी गे?"

मी फडकं ओलं करून तुझे ओठ पुसले. तू ते फडकं ओठांत धरून ठेवलंस. मी ते सोडवून घेतलं. यमू, मी ते सोडवून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तुझ्या बऱ्यासाठीच होतं, आणि एकदा चोरून पाणी घातल्याचं काय होतं ते मी पाहिलेलं होतं. म्हणून ह्या वेळी मी नियमानं वागले. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. तेव्हा तुझ्या तोंडात तुळशीपत्रावरून पळीभर पाणी घातलं ते ओठांवरून खाली ओघळलं. झाडांना द्यायचं नव्हतं तेव्हा मी दिलं, आणि तुला द्यायला हवं होतं तेव्हा दिलं नाही. दहाव्याला भाऊजी घाटावरून आले आणि म्हणाले, तिला पोटभर पाणी दिलं. मला ते ऐकवेना. मी उठून मागच्या दारी गेले आणि पाटावर बसले.

तर पहारा चालू होता. तेरावं झालं, आक्का परत गेल्या, येणारेजाणारे थांबले. आठ झाडं ठरल्याप्रमाणे पिवळी होऊन गळायला लागली. पण शेवटची चार हिरवी होती. तीच चार. मी आळ्यातली माती बोटानं उकरली तर खाली ओल. वर कोरडी माती भुरभुरलेली. माझाच जुना गुन्हा कोणीतरी माझ्यासमोर मांडून ठेवल्यासारखं वाटलं. मग राग आला. मी चुलीतली राख आणून चारही आळ्यांत पातळ पसरली आणि दुपारी खिडकीआड उभी राहिले. चोर दुपारीच येतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

विमल आली. हातात फुलपात्र. एकेका झाडाशी बसून हळूहळू पाणी घालत होती, घाईनं नाही, चमच्यानं पाजावं तसं. मी ताडताड बाहेर गेले.

"काय करतेस काय तू? आईनं सांगितलेलं ठाऊक नाही तुला? सगळी वाट लावलीस ना!"

ती उठली नाही. म्हणाली, "मावशी, मला नाही बघवत."

"न बघवायला काय झालं? तुझ्याच मुंडावळ्या आहेत त्या."

"नकोत मला मुंडावळ्या." मग फुलपात्राकडे बघत म्हणाली, "तिनं माझ्याकडे तीनदा मागितलं. शेवटच्या दिवशी तीनदा. मी म्हटलं, माप संपलं आई. ह्याच फुलपात्रानं मोजायची मी. मी तिला दिलं नाही, मावशी. मी कोण होते तिला नाही म्हणणारी?"

मी तिथंच मातीत बसले. म्हटलं, "माझ्याकडेही मागितलं होतं गं. मीही दिलं नाही." आणि तोंडात फडकं धरलं होतंस ते सांगितलं. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा रडलो. तोवर मला सवडच झाली नव्हती. तात्या दोनदा विहिरीवर आले आणि कळशी न भरता परत गेले.

मग मी तिला बाकीचंही सांगितलं, चार कलमांचं. उपटलेल्या झाडांचं, टोपलीचं. विमल डोळे पुसत ऐकत होती, आणि मी साळसूदपणे तांदूळ निवडायला बसायची ह्यावर ती हसली. हसली की तुझ्यासारखी दिसते, मधला दात दिसतो. मी म्हटलं, "आईला तू पाणी दिलं नाहीस ते तिनं जगावं म्हणून. ती जगली नाही, तो तुझा दोष नाही." हे तिला सांगत होते, पण मला स्वतःलाही ते कोणीतरी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "तुमचाही नाही, मावशी." लहान तोंडी मोठा घास, पण मी तो घेतला.

"आता ह्या चार झाडांचं काय?" तिनं विचारलं.

"ह्यांना आणखी दहा दिवस. बाकीची आठही थांबतील. सगळी एकदम."

"आणि नाहीच आली फुलं तर?"

"नाही आली तर नाही आली. पण ताण मोडायचा नाही. ते काम तुझ्या आईनं सुरू केलंय, ते पुरं करायचं."

दहा दिवस आम्ही दोघींनी पहारा केला. ती दुपारचा, मी सकाळ-संध्याकाळचा. अकराव्या दिवशी पानं खुडायला बसलो. हे काम मी चौदा वर्षं टाळलं होतं, यमू. काहीतरी निमित्त काढून घरात जायची, हे तुला ठाऊक आहे. यंदा बसले. तुझं सांगणं आठवून, पान खाली ओढायचं नाही, डोळा मोडतो. देठाला धरून वर उचलायचं. उचललं की प्रत्येक देठाच्या बगलेत एक हिरवा ठिपका होता, मोहरीएवढा. झाड वरून मेल्यासारखं, आणि प्रत्येक बगलेत तो ठिपका. हे मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं, कारण मी कधी बसलेच नव्हते. मग मी तुझ्या कोयत्यानं फांद्या छाटल्या.

राहता राहिलं खत. सुक्या मासळीचा चुरा. आमच्या घरात मासळीचं नाव काढत नाहीत, तेव्हा ते काम तू एकटी करायचीस आणि मी दहा हातांवर पदर नाकाला लावून उभी राहून सल्ले द्यायची. विमल म्हणाली, मी घालते, तुम्ही जा. मी म्हटलं, हट्. पदर खोचला, कोपरापर्यंत हात घातले, आणि बाराही आळ्यांत चुरा मातीत मिसळून मुळं झाकली. आमचे हे मागच्या दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "आज स्वयंपाक कोण करणार?" मी म्हटलं, "मीच. आंघोळ करून." ते आत गेले, आणि थोड्या वेळानं बंब पेटवल्याचा धूर आला. वास चार दिवस गेला नाही बरं का हातांचा. आमच्या ह्यांनी चारही दिवस मुकाट्यानं जेवून घेतलं.

वैशाखात लग्न झालं की सुरण लावायचे आहेत. तुझी जागा आणि माझी जागा असं आता करणार नाही, कुंपणातली वाट मोठी करून घेईन. पावसाआधी पडवळाचा मांडव घालायचा, दगड हलके वेचून ठेवले आहेत. आणि पुढच्या संक्रांतीला तिळगूळ घेऊन वाडीत मी फिरेन, आणि प्रत्येक दारात तुझं वाक्य म्हणेन. तात्यांना दोनदा सांगेन. ताणाबद्दलचा तुझा आणि माझा वाद मात्र मी हरलेले नाही. झाड कळ सोसून फुलत असेल, मी बघितलं. पण माणसानं पाणी मागितलं की द्यावं. एवढ्या बाबतीत मी ह्यापुढं कोणाचं ऐकणार नाही, डॉक्टरचं नाही आणि तुझंही नाही.

आज तुला जाऊन महिना झाला. मासिकाचं जेवण आटोपलं, भाऊजी आडवे झाले, आणि दुपारी विमल आणि मी विहिरीवर गेलो. आजचा दिवस पाण्याचा. रहाट मी ओढला. विमल घरातून आली ती तुझं फुलपात्र घेऊन. पहिल्या झाडाशी वाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, किती घालू?"

मी म्हटलं, "ते आत ठेवून ये. बादली आण. आज मोजायचं नाही."

आणि बाराही झाडांना आम्ही पोटभर पाणी दिलं, यमू. माती नको म्हणेपर्यंत.